कपाळावरचा दिवा

एकदा एका ज्ञानी वृद्धाला एक शिष्य लाभला. शिष्यापाशी ज्ञान गुरूहून अधिक होते. निदान शिष्याचे तरी तसे प्रामाणिक मत होते.

वृद्धाचे नाव लांजेवार सर. भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर गुहा व बंद पडलेल्या जुन्या खाणी हिंडण्याचा छंद धरला. रीतसर परवानगी काढायची, सोबतीला दोनचार हौशी माणसे घ्यायची आणि पृथ्वीच्या पोटात शिरायचे, असा हा उद्योग. शिष्य हेमराज बिसेन हा विज्ञानाचा शिक्षक. माणूस मनाने निर्मळ, मदतीला तत्पर; दोष एकच की त्याला समजावून सांगितल्यावाचून राहवत नसे. स्वतःच्या लग्नात आंतरपाट धरलेला असताना त्याने भटजींना ग्रहांच्या गतीविषयी चार गोष्टी समजावल्या होत्या, असे त्याचे मेहुणे आजही सांगतात.

त्या वर्षी सरांचे गुडघे कुरकुरू लागले. "पुढच्या हिवाळ्यापासून कुणीतरी दुसऱ्यानं पुढं चालावं," असे ते एकदा सहज बोलून गेले. हेमराजच्या मनाने हे वाक्य उचलून गाठीला बांधले. पुढे चालणारा म्हणजे आपणच, याविषयी त्याला शंका नव्हती. फक्त त्या पदाला साजेसा दिवा हवा होता. जुन्या हेडलॅम्पचा पट्टा तुटून त्याला सुतळी बांधावी लागली होती, आणि सुतळी बांधलेल्या नेत्यावर कोण विश्वास ठेवणार?

म्हणून तो सरांना घेऊन नागपूरच्या एका दुकानात गेला. सरांनाही दिवा घ्यायचाच होता.

हेमराज पूर्ण अभ्यास करून आला होता. उजेडाचे ल्यूमेन किती, झोत किती लांब जातो, बॅटरी कोणत्या जातीची, पाण्यात किती वेळ टिकेल, या प्रश्नांनी त्याने दुकानदाराला घाम फोडला. सर मात्र काही विचारीनात. त्यांनी एक दिवा कपाळाला लावला, सुरू केला, वळून थेट दुकानदाराकडे पाहिले आणि म्हणाले, "काय मग, जेवण झालं?"

दुकानदाराने डोळे बारीक केले, मान वळवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला उत्तर दिले, "हो जी, झालं."

सरांनी तो दिवा काढून ठेवला. दुसरा लावला. "जेवण झालं का?"

"झालं म्हटलं ना, सर," दुकानदार म्हणाला. या वेळी त्याने हात डोळ्यांपुढे धरला होता.

तिसरा दिवा. पुन्हा तोच प्रश्न. आता दुकानदाराने हेमराजकडे पाहून, 'काका बरे आहेत ना?' अशा अर्थाची भुवई उडवली. हेमराज लाजेने अर्धा झाला. पण सर आपले शांतपणे दिवे बदलीत होते आणि एकाच जेवणाची चौकशी करीत होते. शेवटी एक साधासा, बोराएवढ्या भिंगाचा दिवा त्यांनी लावला. त्याचा उजेड पसरट होता आणि भिंग खाली झुकवता येत होते. त्यांनी ते किंचित झुकवले आणि विचारले, "जेवण झालं?"

दुकानदार सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाला, "झालं हो. पण खरं सांगू का, आज भाजीत मीठच नव्हतं. बायकोला म्हणावं तर तिच्या आईची तब्येत बरी नाही, तिचं चित्त ठिकाणावर नाही. म्हणून गुमान जेवलो."

"हा द्या," सर म्हणाले.

गुडघ्यांचे दुखणे आता वर सरकू लागले की काय, अशी शंका हेमराजला आली. स्वतःसाठी त्याने दुकानातला सर्वांत प्रखर दिवा निवडला. पुढे तीन भिंगे, मागे पेरूएवढी बॅटरी. दुकानदार म्हणाला, "साहेब, याचा उजेड दोन शेतं ओलांडून तिसऱ्या शेतातली म्हैस उठवते." हेमराजने तो लावून पाहिला, तेव्हा दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात दोरखंड निवडणारे एक गिऱ्हाईक हात वर करून उभे राहिले.

"सर, हा कसा वाटतो?"

सरांनी डोळ्यांवरचा हात खाली न घेताच विचारले, "डोक्यावर नीट बसतो ना?"

"बसतो."

"मग घे."

हेमराजने याला आशीर्वाद मानले.

पुढच्याच रविवारी मोहीम निघाली. टेकडीच्या पोटात गेलेला मँगनीजच्या जुन्या खाणीचा बोगदा होता. तिथे वटवाघळे पुन्हा राहायला आली आहेत का, एवढे पाहून यायचे होते. सोबत दोघे होते. एक दुर्गाबाई कापगते. त्यांनी हयात इस्पितळात परिचारिका म्हणून काढली होती आणि त्या अनावश्यक शब्द बोलत नसत. दुसरे निवृत्त तहसीलदार रहांगडाले. देह भरदार, आवाज त्याहून भरदार, पायात कोरे करकरीत पांढरे बूट. ते पहिल्यांदाच येत होते.

बोगद्याच्या तोंडाशी सर म्हणाले, "हेमराज, आज तू पुढं. मी शेवटी राहतो."

हेमराजचे अंतःकरण भरून आले. त्याने हेल्मेटवर दिवा चढवला, कळ दाबली, आणि बोगद्यात लख्ख दिवस उगवला. छतावरच्या वटवाघळांचा अख्खा थवा फडफडत सगळ्यांच्या डोक्यांवरून बाहेर गेला. थोडे पुढे जाऊन हेमराजने छत बारकाईने न्याहाळले आणि जाहीर केले, "वटवाघळं नाहीत."

"आता नाहीत," दुर्गाबाई म्हणाल्या.

हेमराज पुढे चालू लागला. पुढे चालणाऱ्याचे कर्तव्य त्याला ठाऊक होते. दर थोड्या अंतरावर तो थांबे, मागे वळे आणि समजावून सांगे. इथे छत खाली आले आहे, वाका. इथे जुना रूळ आहे, पाय उचला. हा काळा पट्टा मँगनीजचा, तो असा तयार होतो. तो वळला की तिन्ही भिंगे रहांगडाल्यांच्या तोंडावर रोखली जात. रहांगडाले डोळे मिटून 'हो, हो' म्हणत आणि तो पुन्हा पुढे वळला की डोळ्यांपुढे नाचणाऱ्या हिरव्या-जांभळ्या ठिपक्यांतून वाट काढीत. वाकायला सांगितलेल्या ठिकाणी त्यांचे हेल्मेट ठाणकन आपटले. उचलायला सांगितलेला पाय रुळाला अडखळला. हेमराजला वाईट वाटले. इतके सांगूनही माणसे ऐकत नाहीत, म्हणून तो अधिक सविस्तर सांगू लागला.

बोगदा जिथे रुंद झाला होता, तिथे उजव्या अंगाला खाणीचे पाणी साठवायला पूर्वी खोदलेला एक हौद होता. आता त्यात गाळ भरला होता. वरून तो जमिनीसारखाच दिसे. हेमराजला तो वेळीच दिसला. हे त्याच्या दिव्याचे श्रेय, नाकारून चालणार नाही. तो झटकन मागे वळला, रहांगडाल्यांच्या अगदी समोर उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "सावध! साहेब, नीट बघा! उजवीकडे हौद आहे! नीट बघा!"

नीट बघण्यासाठी रहांगडाल्यांनी झोतापासून मान वळवली, अंग वळवले आणि एक पाऊल उजवीकडे टाकले.

आवाज फारसा झाला नाही. चिखल आवाज करीत नाही. रहांगडाले कमरेपर्यंत आत गेले, धडपडले आणि छातीपर्यंत गेले. त्यांचे हेल्मेट दिव्यासकट गाळात बुडाले.

"अरे बाप्पा!" ते ओरडले. "हे खाली ओढते जी! पाय लागत नाही!"

हेमराज काठावर पालथा पडला आणि त्याने हात लांबवला. "साहेब, हात द्या!"

रहांगडाल्यांनी हात उचलला खरा, पण तो डोळ्यांवर धरला.

"हात द्या ना!"

"देतो, देतो! कुठं देऊ? काही दिसतच नाही!"

"हा काय माझा हात! इकडे बघा!"

"बघूनच तर दिसत नाही!"

गाळ खांद्यापाशी आला. आता त्यांच्या ओरडण्यातला तहसीलदार संपला होता आणि नुसती धाप उरली होती. मागून सरांचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा चढा. "हेमराज, दिवा बंद कर."

"सर, बंद केला तर मला ते दिसणार कसे?"

"तू त्यांना दिसायला हवास. हात त्यांना धरायचा आहे."

हेमराजने कळ दाबली. दिवा अधिक प्रखर झाला. पुन्हा दाबली. दिवा लुकलुकू लागला, आणि बुडणारे रहांगडाले वरातीतल्या नवरदेवासारखे क्षणात उजळू आणि क्षणात विझू लागले. तिसऱ्यांदा दाबली, तर सगळे लालभडक झाले. "आता काय करता हो, मारता की काय!" रहांगडाले कळवळले. तेव्हा हेमराजने दिवा पट्ट्यासकट डोक्यावरून ओरबाडला आणि भुईवर उपडा घातला.

एकदम अंधार झाला. मग हळूहळू, दुर्गाबाईंनी बाजूच्या भिंतीवर धरलेल्या लहानशा दिव्याचा मऊ उजेड त्या जागेत पसरला, आणि त्या उजेडात हेमराजला रहांगडाल्यांचा चेहरा दिसला. दिवसभर त्याने त्या चेहऱ्यावर एवढा उजेड पाडला होता, पण पाहिला तो आताच. म्हाताऱ्या माणसाचा, भ्यालेला, ओठ थरथरणारा चेहरा. पाठांतर विसरलेल्या मुलासारखा.

"साहेब," तो हळू म्हणाला, "मी इथेच आहे. भिऊ नका. दिसतो का आता?"

"दिसतोस," रहांगडाले म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला.

हेमराजने तो मनगटाजवळ घट्ट धरला. सरांनी हेमराजचा एक पाय धरला, दुर्गाबाईंनी दुसरा, आणि बराच वेळ ओढाताण झाल्यावर गाळाने रहांगडाल्यांना एका मोठ्या, अशोभनीय आवाजासह परत केले. एक बूट मात्र ठेवून घेतला.

चौघेही भिंतीला टेकून धापा टाकीत बसले. दुर्गाबाईंनी रहांगडाल्यांची नाडी पाहिली, थर्मासमधला चहा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "जिवंत आहेत."

हेमराज कोणाकडे पाहत नव्हता. तो म्हणाला, "सर, तुम्हाला दुकानातच हे दिसलं होतं."

"थोडंफार."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मला ल्यूमेनचे आकडे सांगितले असतेस."

हेमराजने यावर विचार केला. खरे होते.

"पण रहांगडाले चिखलात जातील, असं वाटलं नव्हतं मला," सर म्हणाले आणि त्यांच्या आवाजात खंत होती. "एखाद्याचं डोकं आपटेल, तू आपणहून समजशील, इतकाच हिशोब होता माझा. तो चुकला. साहेब, माफ करा." मग ते हेमराजकडे वळले. वळताना त्यांचा हात सवयीने कपाळाकडे गेला आणि भिंग खाली झुकले. "कंदील हातात असतो, हेमराज, तो आपण हवा तिथं धरतो. हा दिवा कपाळावर असतो. आपण जिकडं बघू तिकडं तो जातो. दगडाकडं बघितलं तर दगड दिसतो. माणसाकडं बघितलं तर माणूस आंधळा होतो. आणि नेमका त्याच वेळी आपल्याला वाटतं, की आपण त्याला वाट दाखवतो आहोत. म्हणून मी दिवा घेताना समोरच्याला काहीतरी विचारतो. तो डोळे न झाकता बोलला, मनातलं दोन शब्द जास्त बोलला, तर तो दिवा चांगला. विद्येचंही तसंच आहे बाबा. ती तुझ्याजवळ माझ्यापेक्षा जास्त आहे. मी खोटं बोलत नाही."

रहांगडाले चहा पीत होते. मग त्यांनी चिखलाने माखलेला चेहरा वर केला आणि विचारले, "म्हणजे यांनी दिवसभर मला सांगितलं ते सगळं बरोबरच होतं काय?"

"शब्दन् शब्द," सर म्हणाले.

"काय सांगता राजेहो!" रहांगडाले म्हणाले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

निघताना हेमराज सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. सरांनी त्याला पाहिले. "मागं काय करतोस? पुढं हो."

"मी, सर? अजूनही?"

"आजच तर शिकलास. आता नवा माणूस कुठं शोधू?"

हेमराजने दिव्याची कळ पुन्हा पुन्हा, न घाबरता दाबून पाहिली. सर्वांत मंद उजेड सापडला, तो त्याने ठेवला आणि भिंगे पायांकडे वळवली. परतीच्या वाटेवर काही सांगायचे असेल तेव्हा तो थांबे, तोंड भिंतीकडे करी आणि भिंतीला सांगे. हळूहळू तेही कमी झाले. ज्या जागी पाऊल जपायचे असेल तिथे तो नुसता उजेड धरी.

बोगद्याच्या तोंडाजवळ एक तुटकी, निसरडी पायरी होती. हेमराज बाजूला सरून उभा राहिला आणि मान खाली घालून त्याने तिच्यावर प्रकाश पाडला. दुर्गाबाई चढून गेल्या. रहांगडाले एका बुटानिशी, भाजीत मीठ नसलेल्या त्या दुकानदाराची गोष्ट सरांकडून ऐकत, गप्पांच्या नादात चढून गेले. तिथे पायरी होती हे त्यांच्या लक्षातही आले नाही. सर्वांत शेवटी सर आले. त्यांचे गुडघे दुखत होते. त्यांनी चढण्यासाठी हेमराजच्या खांद्यावर हात ठेवला, आणि चढून गेल्यावरही तो तसाच राहू दिला.