रावबा सुतार आणि चांद्याचा खांदा

त्या दिवशी धुकं असं उतरलं होतं, की बैलांची शिंगं दिसायची, बैल दिसायचे नाहीत. माझ्या पणज्याच्या काळची गोष्ट. ज्वारीची पेरणी आली होती. जमिनीत ओल होती, पण दोनच दिवसांची.

तेव्हा आमच्या गावात रावबा सुतार होता. लिहिता येत नव्हतं, पण कानावर शिसपेन्सिल कायम. नांगर धरलेला माणूस, मोट ओढणारे बैल, कुंभाराची गाढवं, जे राबताना दिसेल ते तो फळीवर काढायचा. त्याच्या चित्रातल्या बैलाला हात लावला तर बोटाला घाम लागायचा, असं म्हणतात.

शेजारच्या कोंडावैनी एकट्याच शेत करायच्या. त्यांच्या चांद्या बैलाचा खांदा सुजून आला. जू रावबानंच घडवलेलं, बैलाकडं न बघता, अंदाजानं. चांद्या जुवाखाली मान देईना, आणि गावात दुसरा बैल मोकळा नव्हता. पेरणी चुकली तर वैनींच्या घरात वर्षभर भाकरी नाही.

रावबा आला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि चांद्यासमोर बसला.

वैनी कडाडल्या, "भाऊजी, बैल कण्हतोय आणि तुम्ही त्याचं चित्र काढताय? देव्हाऱ्यात लावू का?"

"वैनी, मागं त्याला न विचारता जू केलं. आता विचारतोय."

त्यानं खांद्यावरची सूज जशीच्या तशी फळीवर उतरवली. मग तेच जू त्यानं आपल्या खांद्यावर घेतलं आणि चांद्याच्या जागी उभं राहून, वैनींच्या दुसऱ्या बैलाच्या जोडीनं पेरणीची पाभर ओढली. जिथं लाकूड बोचलं तिथं चित्रात खूण केली, खुणेबरहुकूम जू तासलं, पुन्हा ओढली. सांजेपर्यंत निम्मं शेत पेरून झालं.

सकाळी बघतात तर चांद्याचा खांदा साफ, लोण्यासारखा. आणि फळीवरच्या बैलाच्या खांद्याला लाकडाचीच गाठ वर आली होती, असं म्हणतात. उरलेलं शेत चांद्यानं पेरलं.

आजही आमच्याकडं नवं जू बैलावर आधी जात नाही. सुतार त्या बैलाचा खांदा पेन्सिलीनं फळीवर काढतो, आणि मालक जू आपल्या मानेवर घेऊन पाच पावलं चालतो. त्यांना रावबाची पावलं म्हणतात.

त्या दुसऱ्या दिवशी पेरणी आटोपली तेव्हा रावबा ओट्यावर टेकला होता, त्याला हात वर करवत नव्हता. वैनींनी हळद-लोण्यानं चांद्याचा खांदा चोळला, मग वाटी रावबापुढं सरकवून म्हणाल्या, "घ्या भाऊजी, हे तुमच्या खांद्याला. काल माझ्या दावणीला तीन बैल होते."