महिरपीखालचे तेल

भाद्रपद वद्य तृतीया. सकाळी धुके, दहानंतर लख्ख ऊन, वारा पडलेला.

फार वर्षांपूर्वी, साल आता कोणालाच आठवत नाही, या तिथीला डोंगराआडच्या एका गावात पाटलांनी गुणाजीला चावडीवर बोलावले. तिथून ही गोष्ट सुरू होते. लहानांनी ती गोष्ट म्हणून ऐकावी. मोठ्यांनी हातातले काम बाजूला ठेवून ऐकावी.

त्या गावात एकच मोटार होती. एका म्हाताऱ्या वैद्याने जाताना ती गावाला दिली आणि सांगितले, "जो हिला जपेल, त्याच्याकडं किल्ली ठेवा." एकोणीस वर्षे किल्ली गुणाजीकडे होती. दवाखाना तीन कोसांवर, मधे ओढा, मग घाट. तापाने फणफणलेले, साप चावलेले, अडलेल्या बाया, सगळ्यांना त्याने त्या वाटेने सावकाश नेले आणि सावकाश परत आणले. ओढ्यात तो मोटार अशी उतरवी, की मागे निजलेल्याला पाणी लागल्याचे कळतही नसे.

मोटारीच्या मागे, जिथून धूर निघतो त्या नळीच्या तोंडाभोवती, एक काळी लोखंडी चौकट होती. देव्हाऱ्याला असते तशी वरून गोलाई असलेली. म्हणून गाव तिला महिरप म्हणे.

त्या महिरपीचा रंग उडत होता. इथे पोपडा, तिथे पोपडा, मधे गंज.

"गुणाजी," पाटील म्हणाले, "परवा व्याह्यांकडची माणसं हसली. म्हणाली, तुमच्या मोटारीला खरूज झालीय. दसऱ्याला सगळा गाव पूजेला जमतो. तोवर ती महिरप नीट कर. नाहीतर किल्ली भाच्याकडं देईन म्हणतो."

पाटलांचा भाचा खांबाला टेकून उभा होता. तो बैलगाडीसुद्धा ओढ्यातून उधळत नेई आणि त्यालाच कसब समजे.

किल्ली जाईल याचे गुणाजीला वाईट वाटलेच. पण त्याच्या डोळ्यांसमोर ओढा आला, आणि मोटारीत मागे निजलेले माणूस आले.

त्याच दुपारी त्याने काळा रंग आणला आणि महिरपीवर फासला. वाटेने जाणारी एक बाई म्हणाली, "अहो, पितृपंधरवड्यात नवं काम काढलंत?"

"नवं कुठं, वहिनी? जुनंच झाकतोय," गुणाजी म्हणाला. आपण किती खरे बोललो, हे त्याला तेव्हा कळले नाही.

रंग चमकला. मोटार दोनदा घाट चढून आली आणि षष्ठीला रंग भाजलेल्या पापडासारखा फुगला. गुणाजीला वाटले, हात पातळ पडला. त्याने दुप्पट जाड रंग दिला. नवमीला तो दुप्पट मोठ्या पोपड्यांनी निघाला.

दशमीला गावात कल्हईवाला आला. दरवर्षी येई, लिंबाखाली खड्डा करून भाता बसवी आणि गावाची पातेली उजळून पुढच्या गावी जाई. सगळे त्याला उस्मानचाचा म्हणत. गुणाजी त्याच्यापाशी जाऊन बसला आणि त्याने तळहातावरचा पोपडा पुढे केला.

"चाचा, रंग खोटा निघाला बघा."

उस्मानचाचाने पोपडा उचलला, उलटा केला आणि नाकाशी धरला. "रंगाची पाठ सगळेच बघतात, गुणाजी. तू पोट बघ. वास घे."

गुणाजीने वास घेतला. तेल. जुने, खवट तेल आणि शेंदूर.

"तुझा रंग लोखंडावर बसलाच नव्हता," चाचा म्हणाला. "तेलावर बसला होता. ऊब लागली की तेल हलतं. तेल हललं की रंग सुटतो. रंगाचा काय दोष?"

"पण तिथं तेल आलं कुठून?" गुणाजीने विचारले, आणि विचारता विचारताच त्याला उत्तर मिळाले.

ते असे होते. किल्ली गुणाजीकडे आली त्याच वर्षी गावातल्या तानूबाईची सून अडली होती. भर दुपारी मोटार तिला घेऊन निघाली. तानूबाई वेशीवर उभी राहून बघत राहिली. तिला दिसत होती फक्त मोटारीची पाठ, महिरप आणि त्यातून निघणारा धूर. तिसऱ्या दिवशी सून आणि नात दोघी सुखरूप परत आल्या. त्या दसऱ्याला सगळ्यांनी मोटारीला पुढून हार घातला. तानूबाई मागे गेली आणि तिने महिरपीला तेल-शेंदूर माखला. "माझा जीव हिच्या पाठीवर टांगला होता," ती म्हणाली. पुढच्या वर्षी ज्यांची ज्यांची माणसे परत आली होती, ते सगळे तेलाची वाटी घेऊन मागे गेले. मग तो गावाचा रिवाज झाला. दसऱ्यानंतर आठवड्याने गुणाजी त्यावर काळ्या रंगाचा हात फिरवी, न घासता. देवाचे माखलेले घासायचे कसे?

"मारुतीला चालतं की, चाचा," तो हळूच म्हणाला.

"चालतं. मारुती धूर सोडत नाही," चाचा म्हणाला आणि भाता दाबता दाबता हसला. मग गंभीर झाला. "बाबा रे, लोक कथलाचं कौतुक करतात. पण कल्हई धरते ती घासलेल्या भांड्याला. आधी लोखंड दिसू दे. राख आणि रिठ्याचं पाणी घे. धुऊन झालं की वर साधं पाणी सोड. पाणी पसरलं तर लोखंड निर्मळ. थेंब गोळा होऊन बसला, तर समज, अजून तेल आहे."

गुणाजीने महिरप मोटारीपासून सोडवली. चार स्क्रू होते. तीन सहज निघाले. डाव्या बाजूचा खालचा गंजून बसला होता, तो अर्धा दिवस घेऊन निघाला. मग तो अंगणात बसून खरवडू लागला.

काळा थर निघाला, त्याखाली केशरी. पुन्हा काळा, पुन्हा केशरी. झाडाच्या बुंध्यात वर्षे दिसतात तशी त्यात वर्षे दिसत होती. हा थर सुताराच्या मुलाचा ताप उतरला त्या सालचा असेल. हा धनगराला विंचू... नाही, साप चावला त्या सालचा. गुणाजीचा हात थांबला. आपण लोकांचे उपकार मानणेच खरवडून काढतो आहोत, असे त्याला वाटले. एवढी माणसे जगली आणि एवढ्यांनी ते लक्षात ठेवले! त्याचे डोळे भरून आले. त्याने सगळा चुरा फडक्यात गोळा केला, पुरचुंडी बांधली आणि मोटारीत आपल्या बसायच्या जागेखाली ठेवली. मग पुन्हा खरवडायला लागला.

तीन दिवस गेले. राख, रिठे, पाणी. थेंब गोळा होई. पुन्हा राख, पुन्हा रिठे. तिसऱ्या दिवशी पाणी सोडले आणि ते लोखंडावर सरळ पसरले. त्यानंतर त्याने महिरपीला उघड्या बोटाने शिवायचेही सोडले. फडक्यात धरून तो ती उचली.

मग अस्तराचा एक हात. अमावास्येला पाऊस आला, म्हणून एक दिवस काही नाही. मग भट्टीला लावतात तो काळा रंग, तीन पातळ हात, रोज एकच. या दिवसांत महिरपीवाचून मोटार दोनदा दवाखान्यात जाऊन आली. माणसे बरी झाली.

महिरप पुन्हा बसवल्यावर पहिल्या दिवशी गुणाजीने मोटार वेशीपर्यंतच नेली, दुसऱ्या दिवशी ओढ्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्यापर्यंत. रंगाला ऊब हळूहळू सोसू दिली.

दसरा उजाडला. मोटारीला झेंडूचा हार पडला. मग सगळा गाव मागे आला. सर्वांत पुढे तानूबाई, हातात तेलाची वाटी. मागे आणखी चाळीस वाट्या.

गुणाजी महिरपीपुढे आडवा उभा राहिला. "आक्का, तेल नको."

तानूबाईचा चेहरा पडला. "का रे? माझा हात वाईट झाला?"

"पूजेला आडवा येतोस?" पाटील गरजले. "किल्ली नकोशी झाली का?"

गुणाजी बाजूला सरकला असता तर किल्ली राहिली असती, निदान पोपडे निघेपर्यंत. तो सरकला नाही. त्याने जागेखालची पुरचुंडी आणली आणि सोडली.

"आक्का, हे बघा. तुमचं एकोणीस वर्षांचं तेल. एक कणही टाकला नाही मी. पण याच्यावर रंग बसत नाही. रंग नाही म्हणून गंज. आज महिरप खाईल, उद्या नळी खाईल. मग एखाद्या अडल्या बाईच्या वेळी मोटार घाटात उभी राहील."

त्याने एका जुन्या पोपड्याच्या पोटावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब गोळा होऊन बसला. त्याने कोरडे मऊ फडके तानूबाईपुढे धरले. "ज्या हातानं माखलंत, त्या हातानं पुसा. मोटारीला तेवढंच पाहिजे."

तानूबाईने थेंबाकडे पाहिले, फडक्याकडे पाहिले.

"पुसायचं? एवढंच?" ती म्हणाली. "अरे मेल्या, पुसण्यातच जन्म गेला माझा! एकोणीस वर्षं तेल घालवलं, आधी नाही का सांगायचंस?"

चावडीपर्यंत हशा पोचला. तानूबाई खाली बसली आणि तिने महिरप पुसली, नातीचे तोंड पुसावे तशी. मग तिची नात बसली, मग सुतार, मग धनगर. सगळ्या वाट्यांचे तेल मोटारीपुढच्या समईत गेले.

पाटील सर्वांत शेवटी वाकले. उठताना त्यांना काळ्या रंगात आपले तोंड अंधूक दिसले. ते भाच्याला म्हणाले, "तूही पूस. किल्ली जिथं आहे तिथं बरी आहे."

तेव्हापासून दर पौर्णिमेला गावातले एक घर येऊन महिरप पुसून जाई.

बोध एवढाच: उपकार मानताना आपल्याला आवडते ते देऊ नये; ज्याचे उपकार, त्याला लागते ते द्यावे.

पुढच्या वर्षीची आश्विन शुद्ध दशमी. हवा कोरडी, ऊन मध्यम. महिरपीचा रंग शाबूत. डावीकडे खाली, गंजक्या स्क्रूपाशी, तांदळाच्या कणीएवढा एक पोपडा.