धुरपाचा सांधा

फार जुनी गोष्ट आहे. रस्ते नव्हते, पण राजे मात्र पैशाला पासरी होते, त्या काळातली.

एका डोंगराच्या पायथ्याला धुरपा नावाची लोहारीण राहायची. तिने जोडलेलं लोखंड पुन्हा सुटत नाही, असं गाव म्हणायचं. खरं सांगायचं तर धुरपाही म्हणायची. हाताला यश असलं की जीभ थोडी चालतेच.

एका वर्षी गावाच्या पाटात काठच्या वडाची मुळं शिरली. पाणी अडलं आणि पोटरीत आलेली ज्वारी माना टाकू लागली. मुळं कापायला बैलांनी ओढायचं रुंद पातं हवं होतं. नुसता लोखंडी पत्रा मुळांवर वाकायचा. करवतीचं पोलाद कडक, पण दगड लागला की ताडकन फुटायचं. म्हणून पुढे करवत आणि मागे पत्रा, असं जोडायचं ठरलं. गावात मोठी करवत एकच होती. धुरपाने तिचे दोन तुकडे केले, एक बिघडला तर दुसरा हाताशी असावा म्हणून.

पहिला तुकडा तिने पत्र्याबरोबर तापवला, घणाने ठोकून सांधला आणि लालबुंद असतानाच पाण्यात बुडवला. छन्न आवाज झाला. तो कानावर पडल्याशिवाय काम पक्कं झालं असं त्या गावात कुणी मानत नसे.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच मुळाला पातं कडकन तुटलं.

"सांधा सुटला की, धुरपाबाई," पाटील म्हणाले. "एवढा तोरा मिरवता, अन् पीक चाललं आमचं."

धुरपाला ते फार झोंबलं. तिने तुकडा उचलला, त्यावर बोट फिरवलं आणि मान ताठ केली.

"सांधा जागचा हललेला नाही, पाटील. तडा शेजारी गेलाय, पोलादात. पत्र्यानं पाणी सोसलं, पोलादाला नाही सोसवलं. चूक माझीच, पण ती पाणी पाजण्यात. आता पाणी नाही."

"अहो, पाण्याविना लोखंड पक्कं होतं का कधी? हा शेवटचा तुकडा आहे. हा गेला की ज्वारी गेली."

"ठाऊक आहे मला," धुरपा म्हणाली. पण डोळ्यांनी पाहिलेलं नाकारायचं कसं?

करवतीच्या दातांचा कडकपणा जाऊ नये म्हणून तिने त्यांना ओल्या मातीचा लेप दिला. पाठ आणि पत्रा सावकाश तापवले, सांधले आणि सगळं गरम राखेत पुरून टाकलं. आवाज नाही, वाफ नाही. गाव तोंड वाकडं करून घरी गेलं. धुरपा मात्र तिथेच बसून राहिली आणि पातं आपसूक निवेपर्यंत तिने राखेला कुणाला हात लावू दिला नाही.

मग बैल जुंपले. पातं करकरत मुळांत शिरलं, दगडावर आदळलं, जरासं वाकलं आणि पुन्हा सरळ झालं. मुळं तुटत गेली. संध्याकाळी पाणी ज्वारीला पोचलं.

"आमचं चुकलं, धुरपाबाई," पाटील म्हणाले.

"पीक वाचलं ना? मग झालं," धुरपा म्हणाली. "पण चार गावांत सांगा बरं का, सांधा माझा आहे."

आणि पाटलांनी ते सांगितलं, अगदी अभिमानाने.

तात्पर्य: कडक आणि मऊ यांचा सांधा घावाने बसतो, पण टिकतो तो धीराने.