मंजुलेची चोच

पूर्वी कृतयुगात, पक्षी मनुष्यवाणीने बोलत तेव्हा, तमोदा नदीच्या तीरावरील शाल्मलीवृक्षांनी दाटलेल्या अरण्यात मंजुला नावाची शुकी आपला पती हरितक याच्यासह राहत असे. कठीण कोयी फोडाव्यात, ढोलीचे तोंड कुरतडून रुंद करावे, सायंकाळी चोचीला चोच लावून बसावे, एवढाच त्यांचा संसार. पण दृष्ट लागण्याजोगा!

आणि ती लागलीच. उग्रसेतु नावाचा राजा मृगयेस आला, मंजुलेच्या मधुर बोलांना भुलला आणि तिला जाळ्यात धरून घेऊन गेला. हरितक मागोमाग धावला आणि प्रासादाच्या गवाक्षात टांगलेल्या पिंजऱ्याचे लाकडी गज कुरतडू लागला. एक गज तुटला, दुसरा अर्धा झाला, तोच राजाचा बाण सुटला. पती डोळ्यांदेखत तडफडून मेला. मंजुलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

राजाने मग काय करावे? लाकूड कुरतडले जाते, म्हणून पिंजरा सोन्याचा केला! लाडक्या पाखराला कष्ट नकोत, म्हणून दूधभात आणि सोललेली द्राक्षे यांवाचून दुसरे काही देईना. रोज प्रभाती तिने 'विजयी भव' म्हणावे, मगच त्याने रथावर पाय ठेवावा, असा त्याचा नेम. पतीच्या मारेकऱ्यालाच आशीर्वाद! काय ही विटंबना!

मंजुलेने अन्न टाकून ब्रह्मदेवाची आराधना मांडली. चतुरानन प्रकट होऊन म्हणाले, "वत्से, मुक्ती माग. हे द्वार आत्ता उघडतो."

"मोकळी होऊन कुणाकडे जाऊ, पितामह? मला सूड हवा! जो पाखराला कोंडील, त्याच्या घरी त्या पाखराची चोच वाढतच राहो आणि ती छाटताना त्याचा हात थरथरो!"

"अगं, विचार कर! चोच तुझीच आहे आणि साऱ्या शुककुळाचीही. हा भोग कुळातली लेकरे भोगतील."

"भोगू देत!" ती संतापाच्या भरात बोलून गेली. रागाला कुठे डोळे असतात? ब्रह्मदेव खिन्नपणे 'तथास्तु' म्हणाले आणि अंतर्धान पावले.

पुढे चोच वाढली, वाकली, थेट गळ्याला टेकली. दूधभात तोंडाबाहेर सांडू लागला, वाणी खुंटली. अशातच शत्रू वेशीवर येऊन ठाकला. आशीर्वादावाचून राजा रथावर चढेना आणि दुसऱ्या कुणाला पाखराला हात लावू देईना. शेवटी त्याने स्वतःच सुरी घेतली. सहस्र बाण सोडताना न ढळलेला त्याचा हात थरथरला, सुरी चोचीच्या जिवंत भागात रुतली आणि रक्ताची धार लागली.

चोच मोकळी होताच मंजुला कडाडली, "राजा, हरितकाला मारताना हा हात हलला नव्हता! जा आता रणात. तुझा जय मी म्हणणार नाही!"

एवढे बोलून तिने त्याच्याच तळहातावर प्राण सोडला. राजा तसाच रणात गेला; धनुष्य ओढताना हात पुन्हा थरथरला, बाण चुकला आणि शत्रूच्या भाल्याने तो धारातीर्थी पडला.

सूड पुरा झाला. वर मात्र उरला, तोही लेकरांच्या माथी. रानातला पोपट साली सोलतो, कोयी फोडतो, त्याची चोच आपोआप झिजते. पिंजऱ्यात मऊ खाऊन बसणाऱ्याची वाढत जाते आणि ती छाटायला बसलेल्या धन्याचा हात आजही थरथरतो. म्हणून शहाणा माणूस पिंजऱ्यात एक कठीण काटकी ठेवतो. पोपट ती कुरतडू लागला की घरचे म्हणतात, चोच घासतोय. पण तो हरितकाचा अर्धा राहिलेला गज तोडत असतो.