दिवाणजींचे जोडे

राजेसाहेबांनी आपल्या दिवंगत आईसाहेबांची मूर्ती घडवायला सांगितली, आणि भानजी पाथरवटाने वाड्याच्या अंगणात काळ्या दगडाचा एक गुळगुळीत आकार आणून ठेवला. त्याला ना नाक, ना डोळे, ना हात. होती फक्त वाकलेली पाठ आणि तिच्यापुढे मांडीसारखा खोलगट भाग.

दिवाणजींचा पारा चढला. "ही मूर्ती? अहो, हा धोंडा आहे धोंडा! सरकार, या थापाड्याला संस्थानाबाहेर हाकला."

राजेसाहेब दगडाकडे बघत राहिले. भानजीला वाटलं, गाव सुटलं तर या वयात जायचं कुठे? पण आपल्या कामाला कुणी धोंडा म्हटलेलंही त्याला सोसेना.

"दिवाणजी, धोंडाच आहे ना? मग चढा त्याच्यावर आणि उभे राहून दाखवा. मी आपण होऊन संस्थान सोडतो."

"त्यात काय अवघड आहे?" म्हणत दिवाणजी तरातरा पुढे आले. दगडापाशी पोचले, थबकले, आणि स्वतःच्याही नकळत त्यांनी पायातले जोडे काढून बाजूला ठेवले.

"धोंड्यावर चढायला जोडे कशाला काढलेत?" भानजीने हळूच विचारलं.

दिवाणजींनी खाली आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. राजेसाहेब खळखळून हसले, हसता हसता त्यांनी डोळे पुसले, तेव्हा कुठे भानजीचा जीव भांड्यात पडला.

"राहू द्या, दिवाणजी," तो म्हणाला. "तुमच्या पायांनी आईसाहेबांना ओळखलं. डोळेही ओळखतील सावकाश."