राजाचे तीन दिवस

फार पूर्वी, स्पेनच्या उत्तरेकडच्या डोंगरांत एक चिमुकले ख्रिस्ती राज्य होते. राजाचा घोडा सकाळी एका सीमेवरून निघाला, तर दुपारी दुसऱ्या सीमेवर पोचायचा. जमीन होती, नदी होती, पण माणसेच नव्हती. लढायांना कंटाळून ती कधीच निघून गेली होती. रिकाम्या गावांचा राजा किती दिवस टिकणार, हे तरुण राजाला रोज डाचायचे.

म्हणून त्याने बायबलवर हात ठेवून एक सनद दिली. जो पडीक रान नांगरेल, त्याचे ते रान. आणि कायदा सगळ्यांना एकच. कोणाचे जनावर दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरले, तर ते कोंडवाड्यात जाईल आणि मालकाने स्वतः त्या शेतात तीन दिवस राबायचे.

नदीपलीकडच्या मोठ्या राज्यातून चाळीस घरे आली. बाकीचे लोक तिकडूनच बघत राहिले. राजेलोकांची वचने त्यांनी पुष्कळ ऐकली होती.

ऐन कापणीत राजाचा लढाईचा घोडा दावे तोडून मेन्सिया नावाच्या विधवेच्या गव्हात शिरला. तिने त्याला धरून सरळ कोंडवाड्यात नेले.

राजाचा एक सरदार धावत आला. "म्हातारे, घोडा कोणाचा आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. झुलीवर मुकुट विणलाय की. पण खाल्लेल्या गव्हाला त्याचं काय?"

तेवढ्यात राजा आला. सरदार त्याच्या कानाशी लागला. "महाराज, उद्या नदीपलीकडच्या मोठ्या राजाचा वकील येतोय. तुमच्या हातात विळा दिसला, तर तो जन्मभर हसेल."

राजाने भोवती पाहिले. चाळीस घरांतली माणसे त्याच्याकडेच बघत होती. एका दारात तर बैलगाडीवर भांडी चढायला लागली होती.

"बाई, जास्तीचा विळा आहे का?" राजाने विचारले.

"आहे, पण तुमचे हात फार मऊ दिसतात."

"तीन दिवसांनी बघा."

दुसऱ्या दिवशी वकील आला, तेव्हा राजा घामाने निथळत होता आणि मेन्सिया त्याला बोलत होती, "महाराज, ओंब्या मातीत चालल्यात. मूठ जरा खाली धरा."

"इथं राज्य नक्की कोणाचं आहे?" वकिलाने हसू दाबत विचारले.

राजाने कंबर सरळ केली. "सनदेचं. तुम्ही सावलीत बसा. उद्या संध्याकाळपर्यंत मी मोकळा नाही."

वकील परत गेला आणि त्याने भर दरबारात ही गंमत सांगितली. दरबारी पोट धरून हसले. गंमत दरबारातून बाजारात गेली, बाजारातून खेड्यापाड्यांत. खेड्यांत मात्र कोणी हसले नाही. लोक एकमेकांना हळूच विचारू लागले, "ते राज्य कुठल्या वाटेनं लागतं?"

थंडी सरताच नदीच्या उतारावर गाड्यांची रांग लागली. तीन वर्षांत चाळिसाची चारशे घरे झाली, ओसाड गावांतून धूर निघू लागला.

मोठ्या राजाला हे खपले नाही. तो सैन्य घेऊन चालून आला आणि छोट्या राजाच्या गडाच्या तटाखाली थबकला. वर खांद्याला खांदा लावून माणसे उभी होती, आणि त्यांतली निम्मी कालपरवापर्यंत त्याचीच प्रजा होती. तो खालूनच माघारी फिरला.

तात्पर्य: आपला शब्द आपल्याच अंगावर आला तरी जो तो पाळतो, त्याच्या भरवशावर लोक घर बांधतात.