मातीबाहेरची मूठ

माळेवाडीकरांनो, तुम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. तिचा झोळीत बांधलेला हात पाहिला, सुजलेला डोळा पाहिला, आणि तरी तिच्या नवऱ्यासाठी फेटे उडवले.

माळेवाडी गावात भैरू नावाचा एक पैलवान होता. पाच वर्षं त्याची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. जत्रेची चांदीची गदा गावातच राहायची ती त्याच्यामुळे. त्याच्या खुराकासाठी घरोघरून दूध जायचं. आपल्या म्हशीचं दूध भैरू पितो, हे लोक पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे.

एका सकाळी भाकरी करपली म्हणून भैरूनं बायकोला मारलं. तिचं नाव केशर. तिचा डोळा सुजला, मनगट मोडलं.

केशर तालमीत गेली. हिंदुराव वस्ताद म्हणाला, "सूनबाई, इथं आम्ही डाव शिकवतो. न्यायनिवाडा चावडीवर होतो."

ती चावडीवर गेली. पंच म्हणाले, "पोरगा तालमीचा. आधी वस्तादानं समज द्यावी, मग आम्ही बघू."

ती पुन्हा तालमीत गेली. "बघू की. पण जत्रा तोंडावर आलीय, त्याचं मन बिघडायला नको." पुन्हा चावडी. "होऊ दे जत्रा."

असे दोन महिने गेले. केशरला रोज त्याच घरात परतावं लागायचं. दाराशी त्याची चाहूल लागली की ती आधी तव्यावरची भाकरी उलटून बघायची. ती खोटं बोलते, असं कुणी म्हटलं नाही. खरं बोलते, असंही कुणी म्हटलं नाही. नुसतं थांब म्हणाले.

जत्रा आली. शेवटची कुस्ती भैरूची, शेजारगावच्या पैलवानाशी. हलगी कडाडली. रिवाजाप्रमाणे वस्तादानं आखाड्यात उभं राहून नियम पुकारला, "कुस्ती डावानं खेळायची! मातीत ज्यानं समोरच्याला मूठ आवळून मारलं, तो त्याच क्षणी बाहेर. मग तो कुणी का असेना!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात केशर मातीत उतरली. त्या मातीत बाईनं पाऊल ठेवायचं नाही, असाही रिवाज होता. हलगी थांबली.

"ओ वहिनी, कुस्ती झाल्यावर भांडा की!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

केशर वस्तादाला म्हणाली, "नियम तुम्हीच पुकारलात. इथं मूठ आवळून मारलं तर त्याच क्षणी बाहेर. याची मूठ माझ्यावर पडली, त्याला दोन महिने झाले. मी खोटी असेन तर मला गावाबाहेर काढा. पण आधी ऐका. आत्ता ऐका."

वस्तादानं भैरूकडे पाहिलं. "खरं काय रे?"

भैरू हसला. "घरातली गोष्ट आहे, वस्ताद. एखादी बुक्की कुणाच्या घरात बसत नाही? आधी गदा जिंकू, मग बोलू."

दोन महिने वस्ताद हेच तर म्हणत होता. आपलेच शब्द त्या तोंडून ऐकून त्याची मान खाली गेली.

"मातीबाहेर हो," तो म्हणाला. मग पहिल्या रांगेतल्या पंचांकडे वळला. "मी माझं काम केलं. आता तुम्ही चावडी भरवा. इथंच."

सगळं गाव बघत होतं. पंचांना उठावंच लागलं. त्याच मैदानात निवाडा झाला. घर केशरकडे राहिलं आणि भैरूला तालुक्याच्या कोर्टात उभं राहावं लागलं. गदा शेजारगावी गेली. कुणी केशरला शिव्या घातल्या, कुणी वस्तादाला.

रेवड्या विकणारा म्हातारा टोपली आवरत पुटपुटला, "दोन महिन्यांपूर्वीच ऐकलं असतं, तर दुसरा गडी तयार केला असता. आज कुस्ती तरी बुडाली नसती!"

तात्पर्य: गाऱ्हाणं आलं की त्याच दिवशी ऐकावं. जे गाव विजयासाठी न्याय उद्यावर ढकलतं, ते मधल्या प्रत्येक दिवसाच्या भीतीचं वाटेकरी असतं.